तोंड बघून ऐकणारं घर

आमच्या घरात कुजबूज नावाचा प्रकारच नव्हता. नवागामातल्या आमच्या दोन खोल्यांची मागची भिंत आणि मागांच्या खात्याची भिंत एकच होती. कापड विणायच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. तिथं माग चालू असले की धोटे इकडून तिकडे आपटत राहायचे आणि त्या हादऱ्यानं आमच्या फळीवरचे पितळी डबे हळूहळू कडेकडे सरकत यायचे. माय रोज झाडू मारताना त्यांना परत भिंतीकडे ढकलायची, रांगतं लेकरू चुलीपासून मागं ओढावं तशी. गावाकडचे पाहुणे आले की पहिल्या दिवशी कानांवर हात ठेवून बसायचे आणि यांना काय होतंय हे आम्हाला कळायचं नाही. लाइट जाऊन माग बंद पडले की मात्र आम्हीच दचकायचो. मी तान्ही असताना तशा वेळी भोकाड पसरायची म्हणे. अजूनही माझा आवाज त्याच मापाचा आहे. नात म्हणते, "आजी, फोन ठेव तू. मावशीला तसंच ऐकू जाईल." जाऊ दे की! तेवढाच बॅलन्स वाचेल.

आबा त्या खात्यात कारीगर होते. माझा थोरला भाऊ युवराज दहावीनंतर त्यांच्याच शेजारी उभा राहायला लागला होता. माय घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. आणि मी? मी अकरावीला, सायन्सला होते. हे वाक्य त्या वर्षी मी इतक्यांदा बोलले असेन की गल्लीतल्या कोंबड्यांनाही पाठ झालं असेल. घराण्यातली सायन्सला गेलेली पहिली पोर! मायनं कढीला फोडणी दिली तरी मी तिला उष्णतेबद्दल दोन शब्द ऐकवायची. माय ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "व्हयनं? आते भाकऱ्या थाप." आज ती पोर समोर आली तर मीच तिच्या पाठीत एक धपाटा घालीन, पण त्या काळी मला स्वतःबद्दल फार आदर होता.

खात्यात माणसाला माणसाचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून कारीगर ओठांनी बोलतात. तोंड मोठं उघडायचं, शब्द पूर्ण घडवायचा, आवाज मात्र काढायचा नाही, कारण काढून उपयोग काय? सोबत हातांच्या खुणा. आबा घरीही तसंच बोलायचे आणि आम्ही पोरं चालायला शिकलो तसे ते आपोआप शिकलो. माय खात्याच्या खिडकीशी उभी राहून, सगळे माग धडधडत असताना, आबांना तेल संपलं, साखर संपली, तुमचा चुलतभाऊ आला आहे आणि तो जेवूनच जाणार आहे, एवढं सगळं एक अक्षर न उच्चारता सांगायची. मी आणि भाऊ पाहुण्यांच्या देखत समोरासमोर बसून कडाकडा भांडायचो आणि पाहुणे म्हणायचे, किती शांत पोरं!

त्या घरात निंबामामा यायचा. मायचा धाकटा भाऊ, नौदलात होता. तो आला की रविवार असो नसो, डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी व्हायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या व्हायच्या आणि आबा चौकातून पानात बांधून ढोकळ्यासारखा मऊ, गरम लोचो आणायचे. असाच एकदा तो जेवून भिंतीला टेकला होता. भाऊनं विचारलं, "मामा, तुमी जहाजवर करता काय?"

"पाणबुड्या शोधतो."

"खाली खोल पाण्यात दिसतात?" मी विचारलं.

"दिसत नाहीत गं. ऐकायच्या असतात."

"म्हणजे रडार," मी तोऱ्यात म्हणाले.

"रडार पाण्यात शिरत नाही, शास्त्रीणबाई. उजेडही थोडा खाली गेला की संपतो. पाण्यात लांबवर जातो तो फक्त आवाज." मग मामानं जे सांगितलं ते सगळं त्याला ओरडून सांगावं लागलं, कारण मागच्या भिंतीनं पाळी सुरू केली होती. तो म्हणाला, शोधायच्या दोन रीती. एक म्हणजे हाक मारायची. जहाजाच्या पोटाशी यंत्र असतं, ते पाण्यात टिंग करून आवाज सोडतं. आवाज जाऊन लोखंडाला आपटतो आणि परत येतो. किती वेळानं आला त्यावरून ती किती लांब आहे ते कळतं. जरा चढ्या सुरात परतला तर ती आपल्याकडे येते आहे, उतरत्या सुरात परतला तर पळते आहे. "उधन्याच्या फाटकात उभं राहून गाडीची शिट्टी ऐक. येताना एक सूर, पुढे गेली की दुसरा. तेच."

"मग सारखं टिंग टिंग करायचं, झालं," मी निकाल दिला.

"आणि तिला कान नाहीत? तुझी हाक तिला आधी ऐकू जाते. तू कुठं आहेस हे तूच सांगून टाकलंस." म्हणून दुसरी रीत, तो म्हणाला, गप्प बसून ऐकायची. तिचा पंखा पाणी घुसळतो, आत पंप चालतात, आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा. पण समुद्र काही मुका नसतो. झिंगे तडतडतात, मायच्या फोडणीतल्या मोहरीसारखे. देवमासे गातात. कोळ्यांच्या बोटी फटफटतात. त्या सगळ्या कालव्यातून एक बारीक, एकसारखी घरघर निवडायची. त्यात आणखी खोडी म्हणजे वरचं पाणी कोमट, खालचं गार, आणि त्या दोन थरांच्या मधे आवाज वाकतो. हुशार पाणबुडी खालच्या गार थरात जाऊन बसते आणि वरच्या जहाजाला बहिरं करते. मग जहाजवाले ऐकायचं यंत्रच लांब तारेनं त्या गार थरात सोडतात.

"वरनसारखं," माय म्हणाली. "वरथे पानी, खाले दाय. पळी खाले घालानी."

"ताई, तुला भरती करून घेतली," मामा म्हणाला.

भाऊ मामाकडे असा बघत होता जसं मी फक्त मिठाईकडे बघते. शेवटी म्हणाला, "मामा, हे काम माले भेटी का?"

"भेटेल की. बाकी सगळं आम्ही शिकवतो. कान मात्र घरून आणावे लागतात."

एवढ्यावर त्या पोरानं ठरवलं. पाळी संपवून पहाटेचा अभ्यास केला, लेखी परीक्षा दिली आणि पास झाला. आता राहिली होती ती शरीराची तपासणी, दिवाळीनंतर. वयाच्या मर्यादेत बसायची त्याची ती शेवटची खेप होती. हुकली असती तर आबांच्या शेजारचा माग त्याच्यासाठी कायमचा ठरलेला होता. तो काही वाईट माग नव्हता, पण भाऊला तो नको होता. हे तो फक्त मला एकदा बोलला, गच्चीवर कपडे वाळत घालताना. "मंगे, तठे समुद्रात एवढं काय काय वाजत असेल आणि मी इथं आयुष्यभर एकच आवाज ऐकायचा?"

मामानं सांगून ठेवलं होतं, तपासणीत डॉक्टर पाठमोरं उभं करतात आणि मागून कुजबुजतात. जे ऐकू येईल ते बोलून दाखवायचं. झालं. मला काम मिळालं. सायन्सला असल्यामुळे घरातली डॉक्टर मीच होते. रोज संध्याकाळी मी भाऊला खोलीत मधोमध उभं करायची, तोंड लोखंडी कपाटाकडे, पाठ माझ्याकडे. मी दाराशी उभी राहायची आणि कुजबुजायची. "वांगं." तो म्हणायचा, "वांगं." "कळणा." "कळणा." "तू म्हशीसारखा घोरतोस." "तूच घोरतेस." एकही शब्द चुकायचा नाही. भिंतीपलीकडे माग बोंबलत असायचे तरी नाही. मी गल्लीभर सांगत सुटले की माझ्या भावाचे कान हरणाचे आहेत. शेजारच्या कमलमावशी आपल्या पोराला घेऊन आल्या, याचे पण तपास म्हणाल्या. मी तपासले आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, साधारण आहेत. त्या बिचाऱ्या खिन्न होऊन परत गेल्या. देवा, काय ती ऐट!

मग दिवाळी आली आणि मायनं रंगसफेदी काढली. सामान ओट्यावर गेलं, कपाट गेलं, भिंती चुन्यानं ओल्या. पण डॉक्टरीणबाईंना सुट्टी कुठली? मी भाऊला रिकाम्या खोलीत तसंच उभं केलं, तोंड भिंतीकडे. दाराशी गेले आणि कुजबुजले, "अनारसा."

तो उभा राहिला.

"अनारसा," मी पुन्हा म्हणाले. "चकली. करंजी." मला वाटलं, माझी गंमत करतो आहे. मग मी त्याला जोरदार शिव्या घातल्या, अगदी खात्यातल्या, ज्या मला येतात हे मायला माहीत नव्हतं. त्याची मान हलली नाही. शेवटी तो वैतागून वळला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "कर ना सुरू. कधीची उभी आहेस!"

कपाटाला पुरुषभर आरसा होता. एवढे दिवस तो त्या आरशात माझे ओठ वाचत होता. फसवत नव्हता हो. त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. आमच्याकडे ऐकणं म्हणजे तेच होतं; शब्द डोळ्यांतून आला की कानांतून, हे कुणी कधी वेगळं करून पाहिलं नव्हतं. मी त्याला सांगितलं. तो चिडला. "तू मुद्दाम हळू बोललीस." मग आम्ही ओट्यावर गेलो, माझ्या ओढणीनं त्याचे डोळे बांधले आणि मी पुन्हा म्हणाले. चार शब्दांत त्याला एखादा कळायचा, तोही अंदाजानं. ओढणी काढल्यावर तो बराच वेळ तिची घडी घालत बसला. भाऊनं माझ्या कपड्याची घडी घातलेली मी आयुष्यात तेवढीच पाहिली.

भाऊबीजेला निंबामामा आला. मायनं ओवाळलं, ताट वाढलं, आणि मी घास गिळायच्या आत सगळं सांगून टाकलं. मामानं आधी भाऊला तपासलं, मग उठला आणि जेवत बसलेल्या आबांच्या पाठीशी जाऊन साध्या आवाजात म्हणाला, "दाजी, भात वाढू का?" त्या दिवशी खातं बंद होतं, सगळी गल्ली शांत होती. आबा भाकरी मोडत राहिले.

कुणी हसलं नाही. मायचा चेहरा बघून आबांना काहीतरी झालं आहे एवढं कळलं. ते म्हणाले, "काय व्हयनं?"

"तुमाले कानवर ऐकू येत नही," माय म्हणाली. तोंड मोठं उघडून, नीट, त्यांच्या समोर बसून. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "वीस वरीस झायात. मी बोलू लागनू का हातमानं काम सोडीसन मन्हा तोंडकडे देखेत. माले वाटे, यास्ले मन्हं तोंड आवडस."

आबांनी हे सगळं तिच्या ओठांवरून वाचलं. त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी भाकरीवर कढीऐवजी पाणी ओतलं. "आवडसच की," ते पुटपुटले. त्यांना आपला आवाज किती आहे याचा कधीच अंदाज नसायचा. ते पुटपुटणं कमलमावशींच्या घरापर्यंत गेलं आणि तिकडून कुणीतरी खोकलं. त्या वयात मला हे सगळं फार लाजिरवाणं वाटलं. आई-बापांनी असं बोलावं? आता वाटतं, बावळट पोरी, नीट ऐकून ठेवायचंस ते.

मामानं सांगितलं, कान नुसते थकलेले असतील तर विश्रांतीनं परत येतात. मेले असतील तर येत नाहीत. युवराज तीनच वर्षं मागावर आहे, त्याचं काही परत येईल. पण तपासणीपर्यंत त्यानं खात्यात पाऊल ठेवायचं नाही, या घरातही राहायचं नाही. हे सोपं नव्हतं. दिवाळीनंतर अर्धे कारीगर गावी अडकलेले असतात, खात्यात माणूस नसतो आणि भाऊचे माग आबांवरच पडणार होते. भाऊ म्हणाला, "राहू द्या. बघू काय होतं ते." आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि खात्यात बोलतात तसं, आवाज न काढता, फक्त ओठांनी म्हणाले, "जाय."

पलसाण्याच्या बाजूला आमच्या एका मावशीचे यजमान उसाच्या शेतावर राखणीला होते. आज तिथं हायवेला कापड रंगवायची प्रोसेस हाउसं धूर ओकत उभी आहेत. तेव्हा ऊस होता आणि उसामागं आणखी ऊस. भाऊ तिथं जाऊन राहिला. मी रविवारी मायनं दिलेल्या भाकऱ्या आणि ठेचा घेऊन बसनं गेले. मनात चित्र तयार होतं: भाऊ पाखरांचे आवाज ओळखतो आहे, कान टवटवीत झाले आहेत आणि मी, त्याची डॉक्टर, कौतुकानं मान डोलावते आहे. भाऊ बांधावर बसला होता आणि त्याची झोप झालेली दिसत नव्हती.

"काय ऐकू येतं?" मी विचारलं.

"शिट्टी."

"कसली शिट्टी?"

"आतमध्ये वाजते. बारीक. आधी मागांच्या आवाजाखाली झाकलेली होती, आता रात्रंदिवस ऐकू येते." तो उसाकडे बघत म्हणाला, "मंगे, मी लांबचं ऐकायला बसतो आणि आधी मीच मला ऐकू येतो."

मी भाकरी सोडली, आम्ही खाल्ली. मग मी त्याच्या पाठीमागं जाऊन बसले आणि सावकाश शब्द म्हणायला लागले. त्या दिवशी मी त्याची परीक्षा घेत नव्हते. कितीतरी शब्द गेले. पण पूर्वीपेक्षा जास्त आले, हे खरं. उसातून वारा गेला तर तो "थांब" म्हणायचा आणि वारा जाईपर्यंत आम्ही थांबायचो. गप्प बसायला मी त्या बांधावर शिकले. ते फार टिकलं नाही, हे माझ्या घरचे सांगतील.

तपासणीत तो पास झाला, पण अगदी काठावर. एक कान बरा निघाला, दुसऱ्यानं कसंबसं निभावलं. माय पेढे वाटत गल्लीभर फिरली. मी तिच्या पुढं चालत होते, जणू निवड माझीच झाली होती. भाऊ ट्रेनिंगला गेला. तिथं कोण कुठल्या कामाचं ते ठरतं. पाणबुड्या ऐकायच्या कामासाठी आणखी एक परीक्षा होती, बंद खोलीत कानांवर हेडफोन लावून. बारीक बारीक सूर सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. खोलीत माणूस नाही, चेहरा नाही, ओठ नाहीत. नेमक्या ज्या उंच सुरांत त्याची शिट्टी वाजायची, ते सूर त्याला ऐकूच आले नाहीत. त्याला जहाजाच्या इंजिनखान्यात टाकलं.

हे आम्हाला तो पहिल्या रजेवर आल्यावर कळलं. पांढरा गणवेश, बारीक कापलेले केस, आणि ओट्यावर त्याला बघायला जमलेली सगळी गल्ली. माणसं पांगल्यावर आम्ही चौघं जेवायला बसलो तेव्हा त्यानं सांगितलं, जसं कुणी ताप येऊन गेला म्हणून सांगतं. मायनं त्याच्या ताटात आणखी एक फुणका टाकला. मी म्हणाले, हा अन्याय आहे, मी अर्ज लिहिते. माझा अर्जांवर फार विश्वास होता. आबा मात्र त्याच्या ओठांवरची नजर काढत नव्हते. एका मागावरून काढून आपण पोराला दुसऱ्या, त्याहून मोठ्या मागावर पाठवलं, असंच त्यांना वाटलं असणार.

"तू तं ऐकाले गयथा ना?" आबा म्हणाले.

"हो आबा." भाऊनं भाकरी खाली ठेवली, हात मोकळे केले आणि त्यांच्या समोर नीट बसून सांगायला लागला. "इंजिनात आवाज खात्याहून मोठा. नवीन पोरं आठवडाभर भांबावतात. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांशी बोलत होतो. आता तिथली सगळी गँग ओठांनी बोलते, केरळची, पंजाबची. मीच शिकवलं. पण मधेच वरून हुकूम येतो. खाली कुणीतरी आहे असा संशय असतो. मग आम्ही इंजिनांचा वेग उतरवतो. जे जे बंद करता येईल ते पंप बंद. पाना लोखंडावर ठेवायचा नाही, हातात धरून राहायचं. जिन्यावर पाय वाजवायचा नाही. कारण आमच्याच आवाजात ती लपून बसते. आम्ही सगळे घामानं चिंब, एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहतो. कुणी खोकला तर बाकीचे मारतील त्याला. तेवढ्या वेळात वर तो हेडफोनवाला ऐकतो."

"सापडनी का मंग?" मायनं विचारलं.

"ते आम्हाला कोण सांगतं! आम्ही खाली. एकदा मात्र इंजिनं पुन्हा चढवायचा हुकूम यायच्या आधी वरून फोन आला. तो हेडफोनवालाच होता. म्हणाला, ऐकू आलं. बस, एवढंच म्हणाला आणि ठेवला."

आबा जेवायचे थांबले होते.

"आखो सांग," ते म्हणाले. पुन्हा सांग.

भाऊनं इंजिनं उतरवण्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा सावकाश. आबांना पहिल्या वेळीच सगळं समजलं होतं. मी समोर बसले होते, मी त्यांचा चेहरा पाहिला होता. या खेपेला त्यांना ओठ वाचायचे नव्हते; पोराचा आवाज जेवढा येईल तेवढा, ते डोळे मिटून ऐकत होते.